नव्याचा सण आणि पांगळें मूल

कोंकणच्या किनाऱ्यावर, नवगांवच्या खडकाळ समुद्रांत एक गलबत फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. हें केव्हां घडलें ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, आणि प्रस्तुत विषयाला त्या वादाची गरजहि नाहीं. इतकें खरें कीं, ह्या लोकांपाशीं ना पोथी राहिली, ना पुरोहित. अलिबाग-पेणच्या आसपास खेडोपाडीं त्यांनीं पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालविले, शनिवारीं घाणा बंद ठेवला म्हणून 'शनवार तेली' हें नांव मिळविलें, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, पेणकर अशीं गांवांवरून आडनांवें घेतलीं; आणि धर्म म्हणून जें टिकविलें तें मुख्यतः सणवारांच्या रूपानें.

हईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. त्यांत ह्या सणांचीं नांवें आहेत. तीं ऐकून कोणाहि मराठी माणसास मौज वाटेल. नववर्षाचा तो 'नव्याचा सण'. नारळाच्या रसांत खीर शिजवावयाची तो 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दारें लावून, पांढरीं वस्त्रें नेसून, कोणास न शिवतां घरांत बसावयाचें, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'; आणि त्याच्या दुसऱ्या दिवशींचा 'शिळा सण'. येरुशलेमचें मंदिर पडलें त्या शोकदिनीं वालाचें बिरडें खावयाचें म्हणून 'बिरड्याचा सण'. पुरीम हा होळीच्या सुमारास येतो, तेव्हां तो 'होळीचा सण'. आणि वल्हांडण म्हणजे 'अनाशीढाकाचा सण'. हनुका मात्र ह्या यादींत मुळींच नाहीं. त्याची ओळख ह्या लोकांना फार मागाहून झाली.

ह्या सणांशीं निगडित असलेल्या कथा व चाली पाहूं गेल्यास एक गोष्ट सहज ध्यानांत येते: त्यांत लहान मुलें पुष्कळ आहेत, आणि तीं बहुधा सुखांतलीं मुलें नव्हेत. आजारी, मुकीं, टाकून दिलेलीं मुलें आहेत. दुबळ्या अवयवांच्या मुलांना पुन्हां उभें करण्याच्या ज्या शास्त्राला आज पुनर्वसन म्हणतात, त्याचें बीज ह्या कथांत शोधणें कदाचित् धाडसाचें होईल. पण त्या शास्त्राला लागणारी मनाची ठेवण त्यांत नक्कीच सांपडते.

ग्रंथांशीं ह्या समाजाची पुन्हां गांठ पडली ती मुख्यतः मुंबईंत. कंपनीच्या सैन्यांत अधिकारी असलेले सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या युद्धांत शत्रूच्या कैदेंत सांपडले. तेथून जिवंत सुटल्यावर त्यांनीं कृतज्ञतेनें १७९६ सालीं मांडवींत 'शाअर हारहामीम', म्हणजे 'दयेचें द्वार', ह्या नांवाचें सिनेगॉग बांधलें. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत. जवळच्या रेल्वे स्टेशनाचें नांव ह्याच मशिदीवरून पडलें, असें सांगतात.

नव्याच्या सणाच्या पहिल्या दिवशीं सिनेगॉगांत तोरेंतील जो भाग वाचतात तो उत्पत्तीच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय होय. नव्या वर्षाच्या आरंभीं सृष्टीच्या निर्मितीची कथा वाचतील, एखाद्या राजाचा पराक्रम गातील, अशी कोणाची अपेक्षा असेल. पण त्या अध्यायांत एका हांकून दिलेल्या मुलाची गोष्ट आहे. इब्राहिमाची दासी हागार व तिचा मुलगा इश्माएल ह्यांना घरांतून घालवून दिलें आहे. बैर-शेबाच्या रानांत बुधल्यांतलें पाणी संपलें. मुलगा मरणास टेकला. त्याचें मरण डोळ्यांनीं पाहवेना म्हणून आईनें त्याला एका झुडपाखालीं टाकलें आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन ती रडत बसली. ह्यापुढें जें घडतें तें सावकाश वाचण्यासारखें आहे. रडली आई, पण देवानें ऐकला तो मुलाचा आवाज, आणि तोहि मूल जेथें पडलें होतें तेथूनच. मग दूत आईला सांगतो त्यांत चमत्कार कांहीं नाहीं: तिनें उठावें, मुलाला उचलावें आणि त्याचा हात आपल्या हातांत धरावा. शेवटीं तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. विहीर त्या क्षणीं नवी उत्पन्न झाली असें ग्रंथ म्हणत नाहीं. ती तेथें असावीच. दिसत मात्र नव्हती.

मूल जेथें होतें तेथून, ह्या बोलांवर जुन्या भाष्यकारांनीं बराच खल केला आहे. अकराव्या शतकांतील रब्बी राशी ह्यांनीं त्याचा अर्थ असा लाविला कीं, मुलगा पुढें कसा निपजेल ह्याचा हिशेब न करतां, त्या घडीला तो ज्या स्थितींत होता त्या स्थितीवरूनच त्याचा न्याय झाला. लुळ्या पायांच्या मुलावर उपचार करणारा वैद्य ह्याहून निराळें काय करतो? कोणता स्नायू मेला, कोणता जागा आहे, गुडघा किती अंश वांकतो, हें तो प्रथम पाहतो. मूल जेथें आहे तेथून आरंभ करतो. शेजाऱ्याचें मूल ह्या वयांत काय करीत होतें, हा प्रश्न तेथें गैरलागू ठरतो.

आणि तें बाणाच्या टप्प्याचें अंतर! हागार दुष्ट नव्हती. मुलावर तिची माया होती म्हणूनच ती दूर जाऊन बसली. पांगळ्या मुलाला पाहुणे आले कीं माजघरांत नेऊन बसविणारी, लग्नकार्यास बरोबर न नेणारी आईहि निर्दय नसते. तिला पाहवत नाहीं, एवढेंच. अशीं मुलें किती घरांत वाढलीं आणि त्याच घरांत संपलीं, त्याची गणती कोणी ठेविली नाहीं. उपचार शोधण्यापूर्वीं तें अंतर कोणी तरी चालून यावें लागतें.

आतां मलिद्याविषयीं. एलियाहू हान्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, हें बेने इस्राएलांचें जणूं कुलदैवत. ते स्वतः हा शब्द वापरणार नाहींत, पण मराठी श्रोत्यास त्यानेंच नातें कळेल. अलिबागजवळच्या खंडाळा गांवीं त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी श्रद्धा असून, झाडांच्या नववर्षाच्या सुमारास तेथें लोक जमतात. पोहे, साखर किंवा गूळ, ओलें खोबरें, वेलदोडा आणि वर फळें असा मलिदा परातींत मांडून त्याच्या नांवानें प्रार्थना म्हणतात. नवस बोलतात तेहि बहुधा त्याच्याच नांवानें: प्रवास सुखरूप व्हावा, मूल व्हावें, झालेलें मूल दुखण्यांतून उठावें. हें शेवटचें सकारण आहे. सारफथ गांवच्या विधवेचा मुलगा निपचित पडला तेव्हां ह्याच एलियानें त्याला तिच्या कुशींतून घेऊन माडीवर नेलें आणि त्याच्यावर आपलें अंग पसरून देवाचा धांवा केला, अशी राजांच्या पहिल्या पुस्तकांत कथा आहे.

नवसाची रीत सुंदर आहे; पण तिच्यांत एक उणीव आहे, ती बोलून दाखविली पाहिजे. नवस फेडावयाचा तो काम झाल्यावर. मूल बरें झालें कीं मलिदा. पण जें मूल अर्धेंच बरें झालें त्याचें काय? पोलिओचा ताप थोड्या दिवसांत उतरतो. मूल हंसूं-खेळूं लागतें. आणि मग आईच्या ध्यानांत येतें कीं, एक पाय उचलत नाहीं. अशा घरीं नवस फिटला म्हणावा कीं राहिला म्हणावा? देणें तर देऊन होतें आणि दुखणें मात्र उरतें. पुनर्वसनाचें काम हें असें नवसांत न बसणारें काम आहे. तें एका दिवसांत होत नाहीं, त्याला जयघोष नाहीं. रोज तेल, रोज मालीश, रोज तोच पाय शंभरदां उचलणें, दर वर्षीं मूल वाढलें कीं कॅलिपरहि नवा. येथें पंचांगाची मदत होते. नवस एकदां फिटतो, सण दर वर्षीं येतो. एलियाच्या त्या कथेंतहि बारकाईनें पाहिल्यास तो मुलावर एकदां पसरला नाहीं, तीनदां पसरला.

वल्हांडणाच्या रात्रीं घरांतील सर्वांत लहान मुलानें चार प्रश्न विचारावे आणि वडिलांनीं मिसरांतून सुटकेची कथा सांगावी, अशी चाल आहे. त्यासाठीं जें पुस्तक वाचतात त्याला हगादा म्हणतात. मराठी अर्थासह हगादा मुंबईंत १८४६ सालीं छापला गेला. पुढें १८७४ सालीं पुण्यास सचित्र निघाला, आणि त्याच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. ह्या पुस्तकांत चार पुत्रांचें प्रकरण आहे: एक शहाणा, एक उर्मट, एक भोळा, आणि चौथा ज्याला प्रश्नच विचारतां येत नाहीं. पहिल्या तिघांना उत्तरें ठरलेलीं आहेत. चौथ्याविषयीं आज्ञा अशी कीं, त्याच्या वतीनें आरंभ वडिलांनींच करावा. त्याला पंक्तींतून उठवावें असें नाहीं, तो बोलूं लागेपर्यंत थांबावें असेंहि नाहीं. मेंदूच्या पक्षाघातानें ज्याची जीभ जड झाली आहे, किंवा ऐकूं येत नसल्यानें ज्याला शब्दच मिळाले नाहींत, अशा मुलाला सणाच्या पंगतींत जागा ठेवणारें हें वचन आहे. शाळेंत पहिल्या तीन प्रकारचे विद्यार्थी मास्तरांना चांगले आठवतात. चौथा मागच्या बांकावर बसून जातो. शिवाय ज्या मोशेनें लोकांना मिसरांतून सोडविलें तो स्वतःच आपली जीभ जड असल्याची तक्रार देवापाशीं करतो, हेंहि विसरतां कामा नये.

शिळ्या सणाच्या दिवशीं बेने इस्राएल लोक आप्तेष्टांना भेटत व गोरगरिबांना दानधर्म करीत. पुरीमच्या दिवशीं तर गरिबांना कांहीं तरी देणें हें सणाचें अंगच आहे. ह्या दानाचा पहिला मानकरी कोण? पूर्वीं तो बहुधा दारांतला लंगडा-पांगळा भिकारीच असे. आणि ही गोष्ट एका धर्माची नव्हे. आपल्या देवळांच्या पायऱ्या, दर्ग्यांच्या वाटा, सगळीकडे तेंच दृश्य होतें. पैसा टाकला जाई, पुण्य पदरीं पडे. पाय मात्र तसाच राही. ज्यू धर्मांत ह्या दानावर कठोर विचार झालेला आहे. बाराव्या शतकांतील रंबम, म्हणजे मोशे बेन मैमोन, हा मोठा धर्मशास्त्री आणि पेशानें वैद्य. त्यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. तोंड वांकडें करून दिलेलें दान सर्वांत खालच्या पायरीवर. आणि सर्वांत वर ती मदत, जिच्यामुळें घेणाऱ्यास पुन्हां कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं: कर्ज देऊन, भागीदारींत घेऊन, काम मिळवून देऊन केलेली. बेने इस्राएलांना धर्माचे पाठ देणारा दावीद राहाबी हा ह्याच रंबमचा भाऊ होता अशी एक समजूत आहे. इतिहासकारांना ती पटलेली नाहीं. पण ती कां सुचावी हें समजण्यासारखें आहे. रंबमच्या पायऱ्या मान्य केल्या तर लंगड्या मुलाला पैसा देणें हें धाकटें दान, आणि त्याला चालतें करून शाळेंत धाडणें हें थोरलें.

मुंबईंत ह्या थोरल्या दानाला उशीरच झाला. त्याआधीं शहराला मुलें जगवावयाचीं होतीं. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हिएगास ह्यांनीं गांठीच्या प्लेगचा रोगी ओळखला तो मांडवींत, दिवेकरांच्या सिनेगॉगच्याच वस्तींत. सरकारनें बोलावून आणिलेले वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. १९२५ पासून ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते. हाफकिन उतारवयांत कट्टर धर्मनिष्ठ झाले, सणवार पाळूं लागले, १९१६ सालीं त्यांनीं सनातन आचाराच्या समर्थनार्थ एक निबंध लिहिला, आणि १९३० सालीं मरतांना संपत्ति धर्मशाळांस ठेविली. मुंबईंत असतांना त्यांच्या मनांत सणांचा विचार किती होता हें कोण सांगणार? तेव्हां तेथें ओढूनताणून संबंध जोडूं नये.

डॉ. जेरुशा झिराड ह्यांचें तसें नाहीं. ह्या बेने इस्राएल कन्येची बहीण लहानपणीं गंभीर आजारी पडली व कामा रुग्णालयांतील डॉ. बेन्सन ह्यांच्या उपचारांनीं बरी झाली. तेव्हांच जेरुशाबाईंनीं डॉक्टर होण्याचा निश्चय केला. लंडनची एम. डी. पदवी १९१९ सालीं मिळवून, १९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनीं त्याच कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. १९२५ सालीं मुंबईंत ज्यू धार्मिक संघ स्थापण्यांतहि त्यांचाच पुढाकार होता. प्रार्थना आणि प्रसूतिगृह ह्यांत त्यांना अंतर वाटलें नाहीं. बाळंतपणांत गुदमरलेलें मूल पुढें जन्मभर पांगळें राहूं शकतें. म्हणून सुरक्षित बाळंतपण हा पुनर्वसनाच्याहि आधींचा उपाय होय. त्याच समाजांतील डॉ. ई. मोझेस हे १९३७-३८ मध्यें मुंबईचे महापौर होते.

परळास १९२६ सालीं के. ई. एम. उघडलें, १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया मुलांचें रुग्णालय उघडलें. गिरणगांवच्या मुलांना औषधपाण्याची सोय झाली. परंतु ताप गेल्यावर उरलेल्या लुळ्या हातापायांचें काय करावयाचें, त्याची स्वतंत्र व्यवस्था जवळजवळ नव्हती. ती उभी राहिली एका मुसलमान आईच्या धडपडीनें. उमर सोभानी ह्यांच्या भगिनी फातिमा इस्माईल ह्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या बाणाच्या टप्प्यावर बसून राहिल्या नाहींत. मुलीला घेऊन मद्रासेस डॉ. किणी ह्यांच्याकडे गेल्या, पुण्यास गेल्या, उपचार कसे करतात तें स्वतः पाहिलें. आणि आपली मुलगी सुधारते तर इतरांचीं कां नाहीं, ह्या विचारानें १९४७ सालीं मुंबईंत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. गिरगांव चौपाटीवरची आपली जागा डॉ. ए. व्ही. बाळिगा ह्यांनीं त्यासाठीं दिली. पुढें हाजी अलीस मुलांचें अस्थिरुग्णालय झालें, आणि १९५५ सालीं तेथेंच संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्यानें अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. नव्याच्या सणाच्या कथेंतील मुलाचें नांव इश्माएल आणि ह्या बाईंचें आडनांव इस्माईल, हा केवळ योगायोग. पण तो ज्याच्या ध्यानांत आला तो सहसा विसरणार नाहीं.

के. ई. एम. मध्यें १९५० सालीं व्यवसायोपचाराचें विद्यालय सुरू केलें तें कमलाबाई निंबकर ह्यांनीं. त्या माहेरच्या अमेरिकन, क्वेकर पंथाच्या घरांत जन्मलेल्या. बटण लावणें, घांस उचलणें, पेन्सिल धरणें हींच येथें औषधें. सणांचीं कामें ह्या उपचाराला किती सोयीचीं आहेत! कणीक मळणें हा मनगटाचा व्यायाम, पणती लावणें हा नेमकेपणाचा, आणि ज्यू मुलें हनुक्याला जो चौकोनी भोवरा फिरवितात तो अंगठा व तर्जनी ह्यांचा. येरुशलेमांत अमेरिकन डॉक्टर हेन्री केलर ह्यांनीं १९३२ सालीं स्थापिलेलें अलिन रुग्णालय आज मुलांच्या पुनर्वसनाचें मोठें केंद्र आहे. त्याच्यासाठीं २००० सालापासून लोक सायकली चालवून पैसा उभा करतात.

सरळ सांगावयाचें तर मुंबईचीं हीं कामें ज्यूंच्या सणांनीं उभीं केलीं असें म्हणणें खोटें होईल. पारशी, मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती अशा सर्वांचे हात त्यांत आहेत. आणि १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकीं बहुतेक इस्राएल देशास निघून गेले. उरले ते थोडे. पण पोलिओच्या बाबतींत दोन गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. जोनास साल्क ह्या ज्यू घरांतल्या शास्त्रज्ञाची लस गुणकारी ठरल्याचें जाहीर झालें तो दिवस १२ एप्रिल १९५५; त्या वर्षीं वल्हांडणाचा सण ७ एप्रिलला लागला होता आणि अजून संपला नव्हता. दुसरी गोष्ट परळची. आल्बर्ट साबिन ह्या दुसऱ्या ज्यू शास्त्रज्ञाच्या पद्धतीचे तोंडावाटे द्यावयाचे जे थेंब १९९५ पासून देशभर पाजले गेले, त्यांचा मोठा पुरवठा हाफकिनच्या नांवाच्या संस्थेंतून झाला. २०११ च्या जानेवारींत भारतांतील शेवटचें मूल आजारी पडलें. २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला.

पांगळीं मुलें मात्र संपलेलीं नाहींत. अपुऱ्या दिवसांचीं, मेंदूला इजा झालेलीं, अपघातांत सांपडलेलीं मुलें आजहि वाडियांत आणि हाजी अलीस येतात. त्यांच्या आया डहाणूहून, महाडहून, लालबागच्या चाळींतून त्यांना कडेवर घेऊन येतात. सात रस्त्यापाशीं तिफेरेथ इस्राएल सिनेगॉग आहे. ज्या रस्त्यावर तें उभें आहे तो जुना क्लार्क रोड, आतां केशवराव खाड्ये मार्ग, महालक्ष्मीवरून सरळ हाजी अलीच्या त्या पुनर्वसन संस्थेकडे जातो. यहुदी पंचांगाच्या नियमानें नव्याच्या सणाचा पहिला दिवस रविवारीं कधींच पडत नाहीं. म्हणून ज्या सकाळीं ह्या टोंकास हागारची कथा वाचली जाते, त्या सकाळीं दुसऱ्या टोंकास बहुधा कामाचाच दिवस असतो, आणि दोन समांतर दांड्यांना धरून एखादें मूल पाऊल टाकीत असतें, व आई पलीकडच्या टोंकाशीं हात पुढें करून उभी असते.